फॉर्मवर ‘कोणी’ हा रकाना नाही

९ जानेवारी, सोमवार

धाकटे,

मायना काय घालावा यात एक कागद फुकट गेला, म्हणून आता घालतच नाही. तीन वर्षांनी लिहिते आहे. तू हे वाचशील की न फोडताच कपाटात टाकशील, ठाऊक नाही.

यांना दवाखान्यात ठेवलं आहे. घाबरू नकोस. शनिवारी सकाळी आंघोळ करून बाहेर आले, चौकटीला हात लावला आणि खाली बसले. आपण बसतो तसे नव्हे. वाळत घातलेला सदरा दोरीवरून घसरावा तसे. मी हाक मारली तर डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या हातात दिव्याची वात होती, ती तशीच मुठीत राहिली. दवाखान्यात पोचल्यावर मूठ उघडली तेव्हा कापूस सापडला.

नाडी अडतीस. स्ट्रेचरवर शुद्ध आली तेव्हा पोरगेल्या डॉक्टरला म्हणाले, “काटा अडकलाय. जोरात हलवू नका.” दुकान बंद करून चार वर्षं झाली तरी बोलणं घड्याळजीचंच.

तुझाच जुना वॉर्ड आहे. दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला. खिडकीपासून तिसरी खाट. आणि ड्यूटीवर कोण, तर तुझी मुंगी. तुझ्या हाताखालची ती बारीक पोरगी, सारखी धावायची म्हणून तूच नाव ठेवलं होतंस. आता चष्मा लागलाय, धावणं तेच. मला बघून थबकली. “काकू, तुम्ही? ताई कशा आहेत?” मी म्हटलं, “असेल बरी.” ती खाटेकडे वळली. यांच्या दंडाला पट्टा बांधला.

डॉक्टरांनी विचारलं, काय औषध चालू आहे? मी सांगितलं, एक गुलाबी गोळी, नव्या डॉक्टरांनी नोव्हेंबरात दिलेली. ते म्हणाले, तिनेच नाडी मंद होते, बंद करा, दोन दिवसांत चढेल. आज तिसरा दिवस. नाडी चाळीस. डॉक्टर कागद बघतात आणि खालचा ओठ चावतात.

माझ्याकडून होईल ते मी करते आहे. रोजच्या पाच माळांच्या अकरा केल्या. यांची जुनी पांढरी गोळीही चुकवलेली नाही. अकरा वर्षं झाली, देवापुढचा दिवा आणि ती गोळी यांत माझ्या हातून एका दिवसाचा खंड नाही. इथे त्यांनी एक गोळी बंद केली, म्हणून पांढरी मी सकाळ-संध्याकाळ केली आहे. अंगात काही तरी आधार हवा. डबी पिशवीतच असते.

काल रविवार. अकरा वाजता यांचा फोन वाजला, पडद्यावर ‘भाजी’ असं आलं. दर रविवारी हे भाजी आणायला जातात आणि तासाभराने दोन जुड्या घेऊन येतात, त्यावरूनच मला कळलं होतं, तुझ्याशी फोनवर बोलतात. पण नंबरही त्याच नावाने ठेवला असेल असं वाटलं नव्हतं. मी तो वाजू दिला. तीनदा वाजला. मग यांच्याच फोनवरून तुला लिहून पाठवलं, “घसा बसलाय, पुढच्या रविवारी बोलू.” तो निरोप त्यांचा नव्हता, माझा होता.

तू येण्याची गरज नाही. कळवायचं म्हणून कळवलं. पाकीट उद्या टाकीन.


११ जानेवारी, बुधवार, सकाळ

पाकीट टाकलं नाही. त्यातच हाही कागद घालीन.

आज मोठे डॉक्टर आले. म्हणाले, “औषध थांबवून चार दिवस झाले. आता दोष औषधाचा नाही, हृदयाचाच. छातीत लहानसं मशीन बसवू. शुक्रवारी सकाळी.” त्यांनी बोटांनी काडेपेटीएवढा आकार दाखवला. मला पुढचं ऐकूच आलं नाही. त्यांचे ओठ हलत होते, खिडकीबाहेर कोणी तरी बादली घासत होतं, तेवढाच आवाज. हे मात्र हसले. “जन्मभर लोकांच्या घड्याळात सेल घातले. आता कोणी तरी माझ्यात घालणार.”

डॉक्टर गेल्यावर मुंगी आली आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. धाकटे, तू इतकी वर्षं या वॉर्डात होतीस, मी डबा घेऊन यायची. नर्स पेशंटच्या माणसासमोर खुर्चीवर बसलेली मी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं आता काही तरी भयंकर सांगणार.

म्हणाली, “काकू, घरी काका काय काय घेतात ते परत सांगा.”

“सांगितलं की शनिवारी.”

“शनिवारी तुम्ही घाबरलेल्या होतात. घाबरलेलं माणूस निम्मंच सांगतं. गोळी, काढा, थेंब, कोणी सुचवलेलं, शेजारणीने दिलेलं. एखादी चुकून जास्त गेली असेल तरी सांगा. मी रागवायला विचारत नाही.”

“माझ्या हातून जास्त जात नाही. आमच्या घरात मोजून असतं सगळं.”

“ते माहीत आहे,” ती म्हणाली. “ताई सांगायच्या, तुमच्या घरी सुतळीचा तुकडासुद्धा वहीत असतो म्हणून. तरी एक करा. आज घरी जाल तेव्हा औषधं ठेवता त्या जागेवरचं सगळं, अगदी रिकामी पाकिटंसुद्धा, एका पिशवीत घालून आणा. आम्हाला शिकवलंय, विचारू नका, बघा.”

मला राग आला. म्हटलं, “तुमच्या त्या ट्रेनिंगांमध्ये दुसऱ्याच्या घराची झडती घ्यायलाही शिकवतात वाटतं.”

ती रागावली नाही. उलट हसली. “पूर्वी ट्रेनिंग म्हणजे चहा, बिस्कीट आणि सही. सही केली की घरी. आताचं वेगळं आहे. पहिल्या दिवशी प्रत्येकीला उभं राहून स्वतःच्या हातून झालेली एक चूक सांगावी लागते. पहिल्या दिवशी सगळ्या रडल्या. चौथ्या दिवशी एकमेकींच्या चुका ऐकून हसत होतो. आणि परत आल्यावर पाय दुखायचे कमी झाले, काकू. खोटं नाही सांगत. रोज काही तरी लपवून घरी न्यायचं असलं की पायच जड होतात.”

मला तू आठवलीस. तू त्या महिन्याभराच्या ट्रेनिंगला जायच्या आधी संध्याकाळी येऊन पायरीवर बसायचीस, चपला न काढता, आणि म्हणायचीस, “ताई, मी माणूस नाही, सलाईनचा खांब आहे. ढकलतील तिकडे जाते.” नोकरी सोडायची म्हणत होतीस. आणि परत आलीस ती शिट्टी वाजवत. मी देवाजवळ होते, मला शिट्टी खटकली. त्यानंतर तुझे रविवार त्या ट्रेनिंगच्या पुढच्या वर्गांत जायला लागले. ते मी मोजले होते. एकूण अकरा. तुझ्या चेहऱ्यावर काय आलं होतं ते मात्र मी पाहिलं नाही.

मग मुंगीने मला औषधांच्या कपाटाकडे नेलं. काचेतून दाखवलं. दोन लहान बाटल्या, दिसायला जुळ्या. एक वरच्या फळीवर, एक पार खालच्या, आणि खालचीभोवती पिवळी पट्टी. म्हणाली, “या पूर्वी शेजारी-शेजारी असायच्या. हे तुमच्या बहिणीमुळे झालं. त्यांनी तो चूक कळवायचा फॉर्म भरला म्हणून. सगळ्या मजल्यांवर असंच आहे आता. आधी महिन्याला एकही चूक नोंदली जायची नाही. आता तीस-पस्तीस होतात.”

“म्हणजे चुका वाढल्या की.”

“नाही. दिसायला लागल्या.”

मी त्या पिवळ्या पट्टीकडे बघत राहिले. तीन वर्षं मला वाटत होतं, तू स्वतःच्या नावावर काळं फासून घेतलंस. कोणी पाहिलं नव्हतं. तो पेशंट दिवसभर झोपला आणि संध्याकाळी उठून चहा मागितला, एवढंच झालं होतं. तरी तू कागद मागून घेतलास आणि लिहिलंस, चुकीच्या बाटलीतलं औषध माझ्या हातून गेलं. मी तुला त्या दिवशी जे बोलले ते मला पाठ आहे. आई गेल्यावर तुला पोटाशी धरलं ते याच्यासाठी का, असं बोलले. त्यानंतर मी जे केलं ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही.


बुधवारच, दुपारी तीन

घरी आले आहे. औषधांची फळी रिकामी केली. मुंगीला दाखवायचंच होतं की आमच्याकडे सगळं कसं नीटनेटकं असतं.

गुलाबी गोळीचं पाकीट घेतलं, पांढरीचं घेतलं. पाकिटावरची मोठी नावं वेगवेगळी आहेत. खाली बारीक अक्षरं असतात, ती मी कधी वाचली नव्हती. खिडकीतल्या टेबलावर यांचं डोळ्याला लावायचं भिंग होतं. ते लावलं.

मी मॅट्रिक आहे, इंग्रजी अक्षरं मला लागतात. एक-एक अक्षर लावून वाचलं. गुलाबीखाली जे लिहिलं आहे, तेच पांढरीखाली आहे. आकडाही तोच.

पुन्हा वाचलं. भिंग दुसऱ्या डोळ्याला लावून वाचलं. मग बोट ठेवून, पहिल्या इयत्तेतल्या मुलीसारखं मोठ्याने वाचलं.

एकच औषध आहे.

मी टेबलापाशी बसले आहे. टेबलावर यांनी उघडून ठेवलेलं एक घड्याळ आहे, त्यावर काचेचा पेला पालथा घातलेला आहे, धूळ बसू नये म्हणून. अक्षर वाकडं येतंय, समजून घे.


१२ जानेवारी, गुरुवार

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहिते. सकाळचे नऊ. सगळं लिहिते, कारण आता न लिहून भागणार नाही.

जुन्या डॉक्टरांनी नोव्हेंबरात दवाखाना बंद केला. नव्यांनी तपासून गुलाबी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, “आता ही घ्या.” जुनी बंद करा असं ते म्हणाले नाहीत. मी विचारलं नाही. का विचारलं नाही, तेही सांगते. विचारलं असतं तर ते बंद करा म्हणाले असते, आणि घरात पांढरीची सहा पाकिटं भरलेली होती. तोंडाशी आलेला प्रश्न मी गिळला. चांगल्या गोळ्या टाकायच्या कशा, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला होता. मी तो ओळखला होता. नंतर स्वतःला सांगितलं की नवी नाडीची, जुनी ताकदीची.

म्हणजे दोन महिने यांना दुप्पट. आणि इथे आल्यावर डॉक्टरांनी जे बंद केलं, तेच मी पदराआडून दिवसातून दोनदा देत होते. ते नाडी चढायची वाट बघत होते आणि मी ती खाली ओढत होते, माळ जपत. उद्या सकाळी ते यांची छाती उघडणार आहेत.

काल संध्याकाळी मुंगीने विचारलं, “काकू, पिशवी?” मी म्हटलं, विसरले. पिशवी माझ्या मांडीवर होती, शालीखाली.

का, ते ऐक. माझ्या मनात आलं की काल संध्याकाळपासून मी गोळी दिली नाही, आज सकाळी दिली नाही, आता नाडी आपोआप चढेल. आज दुपारपर्यंत चढली तर उद्याचं ते स्वतःच रद्द करतील. कोणाला काही कळणार नाही. देवाला एवढंच मागितलं की आज संध्याकाळच्या आत पन्नास होऊ दे. धाकटे, मी माझी अब्रू राखायला देवाला कामाला लावत होते, आणि यांची छाती पणाला. आत्ता सकाळी नाडी बेचाळीस आहे.

फोन करून मी तुला का कळवलं नाही, तेही आता कळतं. फोनवर तू पहिला प्रश्न हाच विचारला असतास, “भाऊजींना काय-काय चालू आहे?” तुला मी खोटं सांगू शकले नसते. मला तेव्हा काही माहीत नव्हतं, तरी पोटात कुठे तरी माहीत असावं.

आणि राहिलेलं. तू फॉर्म भरल्यावर चौथ्या दिवशी मी दवाखान्याच्या तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली. खाली सही केली नाही. लिहिलं की त्या दिवशी चुकीची बाटली भरून ठेवणारी तीच बारीक मुलगी, तिच्याकडे लक्ष नसतं, मोठ्या सिस्टर उगाच तिची चूक अंगावर घेताहेत. असं काही नव्हतं. ती त्या दिवशी त्या खोलीतही नव्हती. तुझ्या नावाला डाग लागू नये म्हणून मी मला माहीत असलेलं दुसरं नाव पुढे केलं. तिला दोन महिने ड्यूटीवरून दूर ठेवलं, चौकशी झाली, ट्रेनिंगची तिची पाळी गेली. तू चौकशीत खरं सांगून तिला परत आणलंस. मग मेट्रनबाईंनी ती चिठ्ठी तुला दाखवली आणि तू माझं अक्षर ओळखलंस. त्याच आठवड्यात बदली मागून गेलीस. कोणाला नाव सांगितलं नाहीस. जाताना मला एवढंच म्हणालीस, “ताई, तुझं अक्षर फार सुंदर आहे.” त्याच्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यास तर मी पचवल्या असत्या.

हे लिहून झालं. आता आत जाते.


दुपारी दोन

सांगितलं.

मुंगी सलाईन बदलत होती. मी पिशवी खाटेच्या कडेला ठेवली आणि दोन पाकिटं काढून तिच्या हातात दिली. म्हटलं, “दोन्ही मीच देत होते. पांढरी इथेही देत होते. कालपर्यंत.” आवाज माझा नव्हता. दुसरं कोणी तरी माझ्या तोंडाने बोलत होतं.

तिने पाकिटं उलटी केली, बारीक अक्षरं वाचली. “शेवटची कधी दिली?” “काल सकाळी सातला.” “किती?” “एक.” “नक्की?” “नक्की.” हातावर पेनाने लिहिलं आणि धावत गेली. एकदाही माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं नाही. मला तेच सोसेना. मी तिथे उभी राहून वाट बघत होते की कोणी तरी येऊन मला फटकारील.

मोठे डॉक्टर आले, पाकिटं पाहिली, मग मला पाहिलं. “उद्याचं थांबवा,” म्हणाले. “तीन दिवस बघू.” दारात वळून मुंगीला म्हणाले, “बरं झालं, सिस्टर. उद्या मी मशीन घातलं असतं.”

यांना सगळं ऐकू जात होतं. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाले, “बस.” मी बसले. “अकरा वर्षांत एकदाही चुकवली नाहीस,” म्हणाले, “चुकवायची होती तेव्हा तरी चुकवायचीस.” आणि माझा हात धरून झोपी गेले. मी त्या हसण्याजोग्या वाक्यावर रडले.


१५ जानेवारी, रविवार

नाडी अठ्ठावन्न. शुक्रवारी चव्वेचाळीस होती, काल बावन्न. मशीन नाही. मुंगीने मला मनगटावर बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं आहे, मी सकाळ-दुपार मोजते.

पण सांगायचं ते दुसरंच. परवा ती टेबलाशी बसून लिहीत होती. वाटलं, माझंच लिहिते आहे. जवळ गेले. तो तोच फॉर्म होता, तू भरला होतास तो. मी तो कधी पाहिला नव्हता; न पाहताच त्याच्यावर तीन वर्षं राग धरला होता. एका पानाचा आहे. त्यात तीन रकाने आहेत. काय झालं. कसं झालं. पुढे काय बदलणार. चौथा रकाना मी शोधला. ‘कोणी केलं’ असा रकानाच नाही त्याच्यावर. मी पान उलटून पाहिलं. मागे कोरं.

मी चिठ्ठीत मुंगीचं नाव लिहून दिलं होतं, आणि तुझ्या कागदावर नावाला जागाच नव्हती.

आणि ‘कसं झालं’मध्ये तिने लिहिलं होतं, “पेशंट दाखल करताना मी नातेवाईकांची पिशवी तपासली नाही. बुधवारी पिशवी आणली नाही असं ऐकल्यावर पुन्हा विचारलं नाही.”

मी म्हटलं, “अगं, हे काय? हे माझं आहे.”

“तुमचंही आहे, काकू. माझंही आहे. पिशवी तुमच्या मांडीवर दिसत होती मला. शालीचा उंचवटा दिसत होता. तुम्ही ताईंच्या बहीण, म्हणून मला मागायचा संकोच वाटला. असा संकोच पुढच्या वेळी कोणाला वाटू नये, म्हणून लिहायचं.”

मी तिच्याकडेच एक फॉर्म मागितला. ती म्हणाली, नातेवाईकांनी भरायची पद्धत नाही. मी म्हटलं, “मग साधा कागद दे.” तिथेच उभ्याने लिहिलं, माझ्या हाताने, माझ्या अक्षरात: दोन गोळ्यांचं, पदराआडचं, शालीखालच्या पिशवीचं. मेट्रनबाईंच्या फायलीत तीन वर्षांपूर्वीची ती चिठ्ठी असणार. अक्षर जुळणार हे मला ठाऊक होतं. पण मुंगीला कागदावरून कळण्याआधी तोंडाने सांगावं, म्हणून लिहून झाल्यावर म्हटलं, “पेटीतली ती चिठ्ठी माझी होती.”

तिने पेनाला टोपण लावलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाली, “माझी आई दोन महिने शेजाऱ्यांना सांगायची, पोरीला रजा मिळाली आहे म्हणून. रोज सकाळी मला डबा बांधून द्यायची आणि मी बागेत जाऊन खायची.”

एवढंच. उठली, यांच्या खाटेशी गेली, नाडी मोजली, तक्त्यावर लिहिली आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली. त्या दिवशी परत माझ्याशी बोलली नाही. मी माफ कर म्हणायला तीनदा उठले आणि तीनदा बसले. दोन महिने बागेत बसून डबा खाल्लेल्या मुलीला त्या शब्दाने काय मिळणार होतं?

काल सकाळी आली. चेहरा कोरा. माझा कागद पुढे धरला. “काकू, हा मेट्रनबाईंकडे देते. त्या जुन्या चिठ्ठीला जोडायला सांगते. पण तुम्ही काय झालं ते लिहिलंय, कसं झालं ते लिहिलंय. तिसरं राहिलंय. पुढे काय बदलणार?”

मी म्हटलं, “जुनी औषधं ठेवणार नाही.”

“ते लिहाच,” ती म्हणाली. “पण तेवढंच आहे का?”

मी ‘जुनी औषधं ठेवणार नाही, डॉक्टरांना विचारायला लाजणार नाही’ असं लिहून दिलं. तिने वाचलं, मान हलवली. खाली दोन ओळींची जागा तशीच सोडून गेली.

आज अकरा वाजता यांनी फोन मागितला. चार्जर घरी राहिला असं सांगून मी आठवडाभर टाळत होते. चार्जर पिशवीतच होता. काढून दिला. मी बाहेर जायला उठले. जाता-जाता ऐकू आलं, तुला म्हणत होते, “चक्कर आली होती, आता टिकटिक नीट आहे. बाकीचं तुला दुसरं माणूस कळवील.” नंतर मी विचारलं, तुम्हीच का नाही सांगितलं? म्हणाले, “दुसऱ्याचं घड्याळ मी मालकाला विचारल्याशिवाय उघडत नाही.”


१६ जानेवारी, सोमवार

घरी आलो. नाडी एकसष्ट. पांढरीची उरलेली साडेतीन पाकिटं मुंगीच्या हातात दिली, ती तिने माझ्यादेखत लाल डब्यात टाकली. निघताना मी तिला नमस्कार केला. ती घाईत होती. “सावकाश न्या काकांना, जिना ओला आहे,” म्हणाली. मला ते पुष्कळ झालं.

सगळे कागद एकाच पाकिटात घालते. यांनी तिकीट जास्तीचं लावलं, पोचायला हवं म्हणून. मी ते राहू दिलं. शनिवारपर्यंत तुला मिळेल.

ती दोन ओळींची जागा डोळ्यांपुढून जात नाही. तिथे काय लिहायचं ते मला दवाखान्यातच सुचलं होतं, पण ते मुंगीच्या कागदावर लिहिण्याजोगं नव्हतं. तुझ्या कागदावर लिहिते.

पुढे काय बदलणार: येत्या रविवारी हे भाजीला जाणार नाहीत. अकरा वाजता फोन घरातूनच लावतील, खिडकीतल्या टेबलाशी बसून, आणि मी समोरच्या खुर्चीवर असेन. फोनवर तुझं नाव मी आजच बदलून ठेवलं आहे. पहिली मी बोलेन. तू ठेवून दिलास तर पुढच्या रविवारी पुन्हा लावू.

तुझी ताई